धावत्या ट्रकमधली उभी गाडी

"आरं, बसूनच तर गेला हुतास की! दमलास कशानं?"

दिल्लीची खेप टाकून आलेला मुलगा दारातच पायरीवर टेकला की आईच्या तोंडून हा प्रश्न हमखास येतो. जेऊर आणि आसपासच्या गावांत ट्रक ड्रायव्हर असलेली घरं पुष्कळ, त्यामुळे हा संवादही जुनाच. भीमेवर उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं, करमाळा तालुक्याच्या या कडेला पाणी आलं, पाण्यामागून ऊस आला आणि उसामागून केळी. आज जेऊर, कंदर, वांगी, शेटफळ या पट्ट्यातली केळी उत्तरेतल्या बाजारांत जातात, कंटेनरमधून न्हावा-शेवा बंदरातही जातात. केळी थांबत नाहीत, म्हणून ट्रकही थांबत नाही. नगर, मनमाड, धुळे, इंदूर असं करत तेराशे-चौदाशे किलोमीटर कापायचे आणि माल पिकायच्या आत पोचवायचा.

आईचा प्रश्न वरवर साधा वाटतो, पण त्यात एक खरं कोडं आहे. केळीच्या बागेत घड वाहणारा हमाल दिवसभर राबतो, घामाने निथळतो आणि पन्नाशीतही त्याचं पोट सपाट असतं. ड्रायव्हर मात्र सीटवर बसलेला असतो. चाळिशीत त्याचं पोट स्टिअरिंगला टेकायला लागतं, कंबर धरते, साखर निघते. वर दमतोही तोच. काम कमी करणाऱ्याचंच शरीर आधी का झिजावं?

याचं उत्तर ड्रायव्हरच्या धंद्यातच आहे आणि ते त्याला पक्कं ठाऊक असतं. चालती गाडी टिकते, उभी गाडी बिघडते. ट्रक चार महिने आवारात उभा ठेवला तर बॅटरी उतरते, टायर एका बाजूने चपटे पडतात, ब्रेक ड्रमला गंज धरतो. रस्त्यावर ट्रक धावत असतो हे खरं, पण त्याच्या केबिनमध्ये आणखी एक गाडी असते. ती दिवसाचे दहा-बारा तास एका जागी उभी असते. ती म्हणजे ड्रायव्हरचं शरीर.

लंडनची बस आणि आपली एसटी

ही गोष्ट विज्ञानाच्या नजरेस पहिल्यांदा ठळकपणे आली ती लंडनच्या दुमजली बसमध्ये. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांना एक प्रश्न पडला होता. हृदयविकार वाढतोय, पण तो नेमका कोणाला होतो? बसमध्ये त्यांना आयता प्रयोग सापडला. एकाच बसवर दोन माणसं काम करतात, दोघांचा पगार आणि राहणीमान साधारण सारखं. फरक इतकाच, की ड्रायव्हर दिवसभर बसून असतो आणि कंडक्टर तिकिटं फाडत जिना चढत-उतरत असतो. कंडक्टर दिवसाला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढत असे.

मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष मांडले. कंडक्टरांमध्ये हृदयविकार ड्रायव्हरांपेक्षा बराच कमी होता, आणि झालाच तर तो उशिरा आणि सौम्य रूपात. मग त्यांनी शिंप्याकडच्या मापांनाही हात घातला. गणवेशाच्या पँटी तपासल्या, तेव्हा ड्रायव्हरांच्या कमरा कंडक्टरांपेक्षा मोठ्या निघाल्या. आधीच जाड असलेली माणसं ड्रायव्हर झाली असतील का, अशी शंका येणं रास्त होतं. पण सारख्याच कमरेच्या माणसांची तुलना केली तरी कंडक्टरच सुरक्षित राहिले. मॉरिस पुढे स्वतः नियमित व्यायाम करू लागले आणि ९९ वर्षं जगले.

आपल्या एसटीत जिना नाही. पण बाजारच्या दिवशी भरलेल्या गाडीत मागच्या सीटपर्यंत वाट काढत जाणारा, खाली उतरून दार लावणारा, घंटी मारणारा कंडक्टर डोळ्यांपुढे आणा. तो काही वेगळा व्यायाम करत नाही, पण त्याची गाडी कधी उभी राहत नाही. ट्रकवर तर कंडक्टरही नसतो. पूर्वी क्लीनर असायचा. आता अनेक ट्रकांवर ड्रायव्हर एकटाच असतो.

एक गंमत अशी, की गाडी जसजशी सुधारत गेली तसतसं ड्रायव्हरचं अंग हलणं कमी होत गेलं. पॉवर स्टिअरिंग नव्हतं तेव्हा घाटातलं वळण खांद्यांनी ओढावं लागे. खड्ड्यांच्या रस्त्यावर क्लच आणि गिअर यांची सतत खेचाखेच चाले. आता चौपदरी रस्त्यावर तासन् तास एकाच गिअरमध्ये गाडी पळते. २०२५ पासून तर नव्या मोठ्या ट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली. या सुधारणा हव्याच होत्या. फक्त त्यांनी काढून घेतलेली हालचाल आता मुद्दाम परत आणावी लागते.

रक्तातले हमाल आणि आतली कडी

बसलं की शरीरात नेमकं काय थांबतं? दोन गोष्टी समजून घेऊ.

पहिली चरबीची. जेवणातली चरबी रक्तात उतरते ती सुटी नसते. छोट्या-छोट्या गोळ्यांत भरून ती फिरते, जणू माल भरलेले ट्रकच. हा माल स्नायूंच्या दारात उतरवून घ्यायला रक्तवाहिन्यांच्या आतल्या भिंतीवर एक पाचकद्रव्य तैनात असतं. त्याला आपण हमाल म्हणू. स्नायू काम करत असेल तर त्याला इंधन हवं असतं, म्हणून त्याच्या दारी हमाल भरपूर असतात. स्नायू तासन् तास निपचित पडला की हमाल पांगतात. मग भरलेले ट्रक रक्तात फिरतच राहतात. त्यातला माल शेवटी पोटाच्या गोदामात आणि यकृतात जाऊन पडतो. मांड्या बारीक आणि पोट पुढे, ही ड्रायव्हरची ओळखीची ठेवण अशीच घडत जाते.

दुसरी गोष्ट साखरेची. जेवणानंतर रक्तात आलेली साखर मुख्यतः स्नायूंनी आत घ्यायची असते. त्यांची दारं बंद असतात. इन्सुलिन बाहेरून येऊन कडी वाजवतं, तेव्हा दार उघडतं. पण रोज दहा वेळा कोणी कडी वाजवायला लागला की घरातली माणसं जशी लक्ष देईनाशी होतात, तसं स्नायूंचं होतं. इन्सुलिन असतं, तरी दार लवकर उघडत नाही. ही मधुमेहाची पूर्वतयारी.

आता यातली खरी आनंदाची बाब. या दाराला आतूनही एक कडी आहे. स्नायू आकुंचन पावला की तो ती कडी स्वतःच काढतो आणि इन्सुलिनची वाट न बघता साखर आत ओढून घेतो. म्हणूनच जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललं तरी रक्तातली साखर कमी चढते. हा फायदा मिळवायला जिम किंवा घाम गाळणारा व्यायाम लागत नाही. पाय हलले तरी पुरतं.

पोटरीतला हापसा

संध्याकाळी बूट काढताना मोज्याचा वळ पायावर खोल उमटलेला दिसतो का? घोटे सुजल्यासारखे वाटतात का?

हृदय रक्त ढकलून पायापर्यंत पोचवतं, कारण उतार त्याच्या बाजूने असतो. पण ते रक्त वर कोण आणणार? तिथे गावातला हापसा आठवावा. हापशाच्या नळीत झडपा असतात. दांडा दाबला की पाणी वर सरकतं, आणि झडप ते खाली येऊ देत नाही. पायांच्या शिरांमध्येही अशाच झडपा आहेत, आणि दांड्याचं काम पोटरीचा स्नायू करतो. पाऊल टाकलं की पोटरी आवळते, शीर दाबली जाते आणि रक्त एक टप्पा वर चढतं. म्हणून डॉक्टर पोटरीला दुसरं हृदय म्हणतात.

तासन् तास बसल्यावर हापसा बंद पडतो. एक पाय ॲक्सिलरेटरवर स्थिर आणि दुसरा नुसता टेकलेला. रक्त खाली साचतं, पाय जड होतात. वर्षानुवर्षं असं चाललं की झडपा सैल पडून शिरा फुगू शकतात. क्वचित साचलेल्या रक्तात गुठळी धरते. ती निसटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं. एकाच पोटरीला अचानक सूज, दुखणं आणि गरमपणा जाणवला तर तेल चोळत बसू नये. त्या पायाला मालिश न करता थेट दवाखाना गाठावा.

यावर उपाय अगदी स्वस्त आहे. गाडी थांबली की बंपरला हात टेकून टाचा वीस-पंचवीस वेळा वर-खाली कराव्यात. सिग्नलला किंवा टोलनाक्याच्या रांगेत हँडब्रेक लावून थांबला असाल तर ब्रेकवर नसलेल्या पायाची टाच बसल्या जागी उचलता येते.

कंबर: ओला स्पंज आणि झोका

ड्रायव्हरांची सर्वांत जुनी तक्रार कंबरेची. पाठीच्या मणक्यांमध्ये चकत्या असतात, म्हणजे ट्रकच्या पाट्यांमधल्या रबरी बुशसारख्या गाद्या. मोठ्या माणसाच्या चकतीला स्वतःचा असा रक्तपुरवठा जवळपास नसतो. ती ओल्या स्पंजासारखी जगते. दाब पडला की पाणी बाहेर, दाब सुटला की पाणी आणि पोषण आत. रात्री आडवं झाल्यावर स्पंज फुगतो, म्हणून सकाळी आपली उंची संध्याकाळपेक्षा सेंटिमीटरभर जास्त भरते. पण वाकून, कुबड काढून सलग पाच तास बसलं की स्पंज एकाच बाजूने दाबलेला राहतो. पिळणं आणि भिजणं हा खेळच थांबतो.

त्यात भर पडते हादऱ्यांची. झोक्याला नेमक्या वेळी बोटाने ढकललं तरी तो उंच जातो, कारण प्रत्येक झोक्याची स्वतःची एक लय असते. बसलेल्या माणसाच्या धडालाही अशी लय आहे, सेकंदाला साधारण चार ते सहा हेलकाव्यांची. दुर्दैवाने खराब रस्त्यावरच्या जड गाडीचे हादरे बरेचदा याच पट्ट्यात येतात. मग सीटपेक्षा धडच जास्त हलतं. ते सावरायला पाठीचे छोटे स्नायू दर हादऱ्याला आवळतात, तासाला हजारो वेळा. बाहेरून माणूस शांत बसलेला दिसतो, पण आत पाठ सतत राबत असते.

आईच्या कोड्याचा अर्धा उलगडा इथेच होतो. दमणं वेगळं आणि व्यायाम होणं वेगळं. ड्रायव्हरची पाठ, मान आणि डोळे दमून जातात, पण पाय आणि हृदय कामाविना राहतात. थकवा हमालासारखा आणि व्यायाम मात्र शून्य, असा हा तोट्याचा सौदा आहे.

बचावासाठी तीन गोष्टी. मागच्या खिशातलं जाड पाकीट काढून ठेवा. त्यामुळे कंबर तिरकी बसते आणि पायात जाणारी नस दबते. पंचाची घडी करून कंबरेच्या पोकळीत ठेवा, पाठ किंचित मागे रेललेली असू द्या, आणि क्लच पूर्ण दाबताना गुडघा थोडा वाकलेला राहील एवढीच सीट मागे घ्या. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. गाडी लागली की लगेच उडी मारून ताडपत्रीचे दोर ओढायला किंवा स्टेपनी उचलायला जाऊ नका. हादऱ्यांनी दमलेले स्नायू त्या वेळी मणक्याला नीट सांभाळू शकत नाहीत. आधी पाच मिनिटं चाला, मग वजनाला हात लावा.

चहा म्हणजे सीटवर टाकलेला रुमाल

आता कोड्याचा उरलेला अर्धा भाग, म्हणजे झोप.

आपण जागे असतो तेव्हा मेंदूत ॲडिनोसिन नावाचं रसायन थेंबाथेंबाने साठत जातं. मेंदूतल्या ठरावीक जागांवर ते जाऊन बसलं की झोप येते. चहातलं कॅफीन काय करतं? एसटी स्टँडवर गाडी लागल्या लागल्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकणारा चतुर प्रवासी आठवा. कॅफीन अगदी तेच करतं. ॲडिनोसिनच्या जागेवर रुमाल टाकून ठेवतं. पण ॲडिनोसिन गाडीतून उतरलेलं नसतं. ते मधल्या वाटेत उभं असतं आणि गर्दी वाढतच असते. रुमाल उचलला गेला की सगळे एकदम सीटवर कोसळतात. म्हणून चहाने झोप पुढे ढकलली जाते, फिटत मात्र नाही.

त्याखेरीज मेंदूत एक घड्याळ असतं. ते उजेडावर चालतं आणि पहाटे दोन ते सहाच्या दरम्यान अंग थंड करून शटर खाली ओढतं. दुपारी जेवणानंतरही ते थोडं ओढलं जातं. या घड्याळाची पेशींमधली यंत्रणा उलगडणाऱ्या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना २०१७ मध्ये नोबेल मिळालं. घड्याळ मालकाचं ऐकत नाही आणि व्यापाऱ्याच्या फोनलाही दाद देत नाही. पहाटे चारला ज्याचा डोळा लागतो तो आळशी नसतो, त्याचं शरीर नेमून दिलेलं काम करत असतं.

जागरण किती घातक? १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी 'नेचर'मध्ये एक तुलना मांडली. सलग १७ तास जागलेल्या माणसाची हाताडोळ्याची चपळाई रक्तात १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी उतरते. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. म्हणजे माळकरी ड्रायव्हरही पहाटे पाचला स्टिअरिंगवर 'पिलेला' असू शकतो, आणि नाक्यावरच्या फुंकणीत ते दिसणार नाही. चार सेकंदांची डुलकी लागली तर ताशी ६० किलोमीटरने जाणारा ट्रक तेवढ्यात पासष्ट मीटरहून जास्त अंतर कापतो, आणि तेही डोळे मिटून.

डुलकीवर खरा इलाज एकच, झोप. पापण्या जड होणं, मागच्या पाच किलोमीटरचा रस्ता न आठवणं, पट्टीवर टायरचा आवाज येणं यातलं एकही लक्षण दिसलं की सुरक्षित जागी गाडी लावावी. कपभर चहा घेऊन लगेच वीस मिनिटं आडवं व्हावं. कॅफीनला काम सुरू करायला साधारण तेवढाच वेळ लागतो, त्यामुळे डुलकी आणि चहा दोन्ही एकदम कामाला येतात. उठल्यावर मात्र पाच-दहा मिनिटं चालून मगच चावी फिरवावी. ही युक्ती पुढच्या ढाब्यापर्यंत पोचवते, रात्रभराची झोप भरून देत नाही. काच खाली करणं, गाणी मोठ्याने लावणं, मावा चघळणं हे सगळे मनाचे खेळ. तंबाखूतलं निकोटिन तर रक्तवाहिन्या आवळून रक्तदाब चढवतं आणि येणारी झोपही कच्ची करतं.

एक लक्षण घरच्यांनी ओळखायचं असतं. माणूस मोठ्याने घोरतो, मध्येच श्वास थांबतो आणि मग दचकून घोरणं पुन्हा सुरू होतं. झोपेत घसा मिटून श्वास अडकण्याचा हा आजार जाड मानेच्या, पोट सुटलेल्या पुरुषांत जास्त दिसतो. असा माणूस आठ तास झोपूनही ताजा होत नाही. त्यावर तपासणी आहे, उपचारही आहे. पण तक्रार सांगणार कोण? ज्याला त्रास होतो तो तर झोपलेला असतो.

ढाब्यावरचं ताट, केबिनमधला डबा

ट्रकमध्ये टनावारी केळी असतात आणि ड्रायव्हरला त्यातलं एकही खाता येत नाही, कारण माल हिरवा असतो. खायला उरतो ढाबा. तेलाचा तवंग आलेली भाजी, लोणी चोपडलेल्या रोट्या, वर मिठाई. चव वाईट नसते. अडचण वेळेची आणि मापाची असते. रात्री एक-दोनला शरीराचं शटर अर्धं खाली असतं. तेच ताट दुपारी घेतलं तर साखर जेवढी चढते, त्याहून रात्री जास्त चढते. म्हणून मोठं जेवण संध्याकाळी लवकर करावं आणि मध्यरात्री भूक लागली तर मूठभर फुटाणे, शेंगदाणे, उकडलेली अंडी किंवा ताक यावर भागवावं.

चहाचा हिशोब तर बोटांवर मांडता येतो. एका कपात दोन चमचे साखर धरू. दिवसाला आठ कप म्हणजे सोळा चमचे, साधारण ६४ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरून घातलेली साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत आणि शक्यतो २५ ग्रॅमच्या आसपास असावी. म्हणजे जेवणाला हात लावायच्या आधीच चहाने मर्यादा ओलांडलेली असते. चहा सोडायला कोणी सांगत नाही. अर्धी साखर सांगा, चार कप कमी करा, एवढंच.

सोलापूरच्या ड्रायव्हरला खरं तर प्रवासाचा शिधा कोणी शिकवायला नको. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी हा आपल्या मुलखाचा पिढीजात प्रवासी डबा आहे. ज्वारीची कडक भाकरी पाणी नसल्यामुळे अनेक दिवस टिकते. ती चावून खावी लागते, म्हणून पोट भरल्याची जाणीव वेळेवर होते. शेंगदाण्यातून प्रथिनं मिळतात. सोबत कांदा, काकडी आणि वाटेत मिळेल ते दही, की ढाब्यावर फक्त वरण मागवलं तरी ताट पुरं होतं.

पाण्याचं दुखणं वेगळं आहे. लघवीला थांबायला लागू नये म्हणून अनेक ड्रायव्हर पाणीच कमी पितात. सोलापूरच्या उन्हाळ्यात, इंजिनाच्या उबेत हे रेडिएटरमधलं पाणी कमी ठेवून घाट चढवण्यासारखं आहे. पाणी कमी पडलं की डोकं दुखतं, लक्ष उडतं, आणि पुढे मुतखड्याची वाट मोकळी होते. मोजमाप सोपं आहे. लघवीचा रंग फिकट पिवळा असेल तर ठीक, गडद झाला की पाणी कमी पडलं असं समजावं.

ट्रकभोवती तीस फेऱ्या

"हे सगळं करायला वेळ कुठाय?" हा रास्त सवाल आहे. पण खेपेचा वेळ नीट पाहिला तर त्यात चालवण्याइतकंच थांबणंही असतं. बागेत माल भरेपर्यंत तीन-चार तास, काट्यावर रांग, बाजारात खाली करायची वाट. हा वेळ आपण मोबाईलवर घालवतो. त्यातला मोठा तुकडा झोपेला आणि छोटे तुकडे चालण्याला दिले तरी पुष्कळ झालं.

जागेची अडचण ट्रकच सोडवतो. साधारण दहा मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद ट्रकभोवती थोडं अंतर ठेवून एक फेरी मारली तर तीस मीटर होतात. तीस फेऱ्या म्हणजे नऊशे मीटर, वेळ दहा-बारा मिनिटं. गाडी मात्र रस्त्यापासून दूर, आवारात लावलेली हवी. महामार्गाच्या कडेला उतरून फेऱ्या मारणं हा व्यायाम नाही, आत्मघात आहे. फेऱ्यांच्या जोडीला बंपरला हात टेकून पंधरा दंड, फूटबोर्डाला धरून पंधरा बैठका, आणि खांदे व मान यांना ताण. सगळं मिळून वीस मिनिटांत होतं, आणि सलग न करता चार थांब्यांत वाटलं तरी चालतं, कारण आतली कडी दर वेळी नव्याने उघडते.

सगळा भार ड्रायव्हरवर टाकून मात्र चालणार नाही. मोटार परिवहन कामगारांसाठी १९६१ मध्ये झालेल्या कायद्याने दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती असा दंडक घातला होता. कागदावरचा तो अर्धा तास रस्त्यावर उतरायचा तर मालकाने भाड्याबरोबर विश्रांतीचेही तास मोजायला हवेत, व्यापाऱ्याने "कुठवर आला?" असा फोन पहाटे चारला करणं थांबवायला हवं, आणि महामार्गावर ट्रक निर्धास्त लावता येईल अशा, संडास-बाथरूम असलेल्या जागा वाढायला हव्यात.

---

चौकट: खेपेवरची सर्व्हिसिंग

* दर दोन-तीन तासांनी: पाच-दहा मिनिटांचा थांबा, टाचा वर-खाली, थोडं चालणं.
* जेवणानंतर: लगेच सीटवर नको. दहा-पंधरा मिनिटांच्या फेऱ्या.
* गाडी लागल्यावर: वजन उचलण्याआधी पाच मिनिटं चालणं.
* पहाटे दोन ते सहा: शक्यतो गाडी बंद, माणूस आडवा.
* पापणी जड झाली की: सुरक्षित जागा, चहा, वीस मिनिटं झोप, मग थोडं चालणं.
* केबिनमध्ये कायम: पाण्याचा कॅन, कडक भाकरी, फुटाणे, कंबरेसाठी पंचा.
* वर्षातून एकदा: रक्तदाब, रक्तातली साखर, डोळे. रक्तदाब १४०/९० किंवा वर, अथवा कंबर ९० सेंटिमीटरच्या वर असेल तर डॉक्टरांचा सल्ला.
* थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा: छातीत दाब किंवा कळ, चालताना धाप, एका पोटरीला अचानक सूज, पायात मुंग्या येऊन ताकद जाणं.

---

रात्री एखाद्या फाट्यावर मुरलेला ड्रायव्हर पाहिला असेल. खाली उतरला की आधी तो लोखंडी टॉमी घेतो आणि एकेका टायरवर ठोका मारत पुढे सरकतो. कान टायरकडे असतो. हवा भरलेल्या टायरचा आवाज टणक येतो, उतरलेल्याचा बोदा. दहा टायर, दहा ठोके. एकही चुकवत नाही, कारण एका टायरने दगा दिला तर सगळी खेप आडवी होते, हे त्याला अनुभवाने ठाऊक असतं.

शेवटचा ठोका मारून झाला की तो सवयीने केबिनच्या पायरीकडे वळतो. तिथे वळण्याऐवजी त्याने टॉमी आत ठेवावी आणि हात मोकळे सोडून तीच वाट पुन्हा धरावी. एक फेरी मारून झाली, अजून एकोणतीस उरल्या. घरी पोचल्यावर आईने विचारलंच, तर उत्तरही तयार आहे: "बसून गेलो, म्हणूनच दमलो की!"